मण्यार चावलीच नव्हती

जतच्या बाजारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे, आणि रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, सुगराबीचं शिलाईचं दुकान. एकवीस वर्षं आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलोय. अस्तर, हुक, फॉल माझ्याकडून घ्यायचा आणि ब्लाऊज तिच्याकडं टाकायचा, ही बायकांची ठरलेली वाट. मी तिला चाची म्हणते. ती मला राजेश्वरी म्हणते, आणि रागावली की ‘आवं राजेश्वरीबाई’.

तिचा नवरा पीरमहंमद शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा फारूक बारा वर्षांचा होता. त्याच साली चाचीची धाकटी बहीण वारली आणि तिची सहा वर्षांची अर्फाही चाचीच्या पदरात आली. दोघांना तिनं मशिनीवर पाय मारत वाढवलं. फारूक पुढं शिरवळला कंपनीत लागला, लग्न करून बायको अल्फियासकट तिकडंच राहिला. अर्फाचं लग्न सांगलीत झालं, पण दोन वर्षांत ती बॅग घेऊन परत आली. का आलीस असं चाचीनं कधी विचारलं नाही. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली आणि पलीकडं अर्फाला पार्लर थाटून दिलं.

चार वर्षांपूर्वी चाचीच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी नुसती उघडझाप. मग शिवण चालू असतानाच पापण्या गच्च मिटायच्या आणि तिनं कितीही जोर केला तरी उघडायच्या नाहीत. एकदा सुई बोटातून आरपार गेली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं चष्म्याचा नंबर वाढला. ती दर्ग्यात जाऊन आली, चष्माही बदलून आली. शेवटी चिकटपट्टीनं पापणी वर चिकटवून शिवायला बसली, तेव्हा मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिला मिरजेला घेऊन गेले.

तिथं मेंदूच्या डॉक्टर मगदूम मॅडम भेटल्या. त्यांनी पाच मिनिटं नुसतं चाचीच्या चेहऱ्याकडं बघितलं. म्हणाल्या, “डोळे चांगले आहेत तुमचे. पापण्यांना मेंदूकडून चुकीचा हुकूम जातोय. त्या स्नायूंना थोडं ढिलं करावं लागेल.”

“कशानं?”

“इंजेक्शननं. सुरकुत्या घालवायला मोठ्या शहरांत घेतात, तेच. खरं तर ते विष आहे, नासलेल्या अन्नात होणाऱ्या जंतूंचं. ते अगदी नावापुरतं द्यायचं असतं. किती आणि कुठं, हे कळलं पाहिजे.”

चाचीनं माझा हात घट्ट धरला. बाहेर बाकावर मान एका बाजूला वळून बसलेला कवठ्याचा एक माणूस होता. तो म्हणाला, “घ्या बिनधास्त. माझं सहावं हाय. टोचल्यावर मान सरळ हुतीया, म्हणून तर वैरण कापतोय.”

सिस्टरनी फ्रिजमधून खोकं आणलं. मॅडमनी बाटलीवरचं नाव, तारीख चाचीला दाखवली, केसासारख्या बारीक सुईनं डोळ्यांभोवती टोचलं आणि बाटलीवरचा स्टिकर काढून तिच्या कार्डावर चिकटवला. पाचव्या दिवशी सकाळी चाचीनं माझ्या दुकानात येऊन उगाचच सगळ्या रिळांचे रंग वाचून दाखवले. दर तीन-सव्वातीन महिन्यांनी ते घ्यावं लागायचं. बारा आठवड्यांच्या आत मात्र मॅडम देत नसत. लवकर लवकर घेतलं तर पुढं अंगाला त्याचा उपयोग होईनासा होतो, असं त्या सांगायच्या.

चाचीच्या भुवयांमधली उभी आठीही त्या औषधानं गेली. ते आधी अर्फाच्या लक्षात आलं. मावशीला ती खाला म्हणते.

“खाला, धा वर्षांनी लहान दिसाय लागलीस की!”

चाची लाजली. सगळ्या गिऱ्हाइकांना ती कौतुकानं हे सांगायची. पुढं काय झालं ते सांगताना ती नेहमी इथूनच सुरुवात करते. म्हणते, “वाट मीच दाखवली गं तिला.”

अर्फानं मोबाईलवर जाहिरात पाहिली आणि महाबळेश्वरला एका हॉटेलात दोन दिवसांचा क्लास करून आली. पंधरा बायका, एक शिकवणारा. पहिल्या दिवशी पडद्यावर चित्रं दाखवली, दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या कपाळाला टोचायला लावलं. संध्याकाळी सर्टिफिकेट मिळालं. ते तिनं आरशाच्या वर टांगलं. शिकवणाऱ्या माणसाला सगळ्या ‘सर’ म्हणायच्या. तो डॉक्टर आहे का, हे पंधरातल्या एकीनंही विचारलं नव्हतं. औषध तोच पाठवणार होता.

गेल्या मार्गशीर्षात गावातल्या बड्या सयाजीरावांच्या घरी लग्न निघालं. अकरा ब्लाऊज चाचीकडं आले, आरीवर्क, गोंडे, सगळं. नेमकं त्याच वेळी तिच्या पापण्या पुन्हा मिटायला लागल्या. दहावा आठवडा चालू होता. मिरजेला फोन केला तर मॅडम म्हणाल्या, अजून दोन आठवडे थांबा, तोवर डोळ्यांना विश्रांती द्या. चाची चिडली. डोळ्यांना विश्रांती दिली तर अकरा ब्लाऊज कोण शिवणार?

त्याच आठवड्यात सरांचं पार्सल एसटीनं आलं. रविवारी दुपारी दुकान बंद असताना अर्फा म्हणाली, “खाला, मिरजेला कशाला जातीस? माझ्याकडं तेच औषध हाय.”

“तेच?”

“तेच गं. ह्ये बघ.”

बाटलीवरची अक्षरं मराठी नव्हती, इंग्रजी नव्हती, कन्नडही नव्हती. पार्सलमधला बर्फ कधीच वितळला होता, खोका नुसता ओला होता. चाचीला ते दिसत होतं. तिनं मला नंतर स्पष्ट सांगितलं, “मला दिसत हुतं राजेश्वरी. पर माझीच पोर टोचणार हुती.” अर्फानं डोळ्यांभोवती टोचलं आणि मग विचारलं, “कपाळावर आनि मानेवर बी देऊ का? लग्नात लोक बघत राहतील.” सत्तावन्न वर्षांच्या बाईला हसू आलं. तिनं आरशात पाहिलं आणि ‘दे’ म्हणाली. फारूकला कळलं तर ओरडेल म्हणून दोघींनी ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरवलं. मलाही सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी ती माझ्याकडं हिरवं रीळ मागायला आली तेव्हा तिचा आवाज नाकातून येत होता. मी म्हटलं, सर्दी झाली का? तिनं पाणी मागितलं. घोट घेतला आणि पाणी नाकातून बाहेर आलं. आम्ही दोघी हसलो. जाताना ती माझ्या दुकानाच्या पायरीवर अडखळली. म्हणाली, “दोन दोन पायऱ्या दिसायल्यात गं.”

बुधवारी पहाटे अर्फानं मला हाक मारली. चाची खाटेवर बसली होती आणि तिची मान पुढं पडत होती. हातानं डोकं वर धरलं तरच चेहरा दिसायचा. पापण्या खाली आल्या होत्या, पण नेहमीसारख्या गच्च मिटलेल्या नव्हत्या. नुसत्या सैल लोंबत होत्या. ती काहीतरी बोलत होती, शब्द फुटत नव्हता.

जतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापण्या उचलून पाहिल्या आणि विचारलं, “कुठं झोपल्या होत्या? जमिनीवर?”

“खाटंवर,” अर्फा म्हणाली.

“मण्यार चावली तर असंच होतं. तिचा दंश दिसतही नाही, दुखतही नाही. अंग बघा सगळं.”

आमच्याकडं मण्यारीचं नाव निघालं की बायकांच्या अंगावर काटा येतो. झोपेत चावते आणि माणूस सकाळी उठत नाही. आम्ही चाचीचं अंग इंच इंच पाहिलं, काही सापडलं नाही. तरी डॉक्टरांनी सापावरचं औषध सुरू केलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, दुसरं त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. रुग्णवाहिकेत मी चाचीच्या उशाशी बसले, अर्फा पायाशी. कवठेमहांकाळ ओलांडताना चाचीचा श्वास आखूड व्हायला लागला. मिरजेत पोचल्यावर अर्ध्या तासात तिच्या घशात नळी गेली आणि ती मशीनवर गेली.

आम्हाला वाटलं ती बेशुद्ध आहे. ती बेशुद्ध नव्हती. तिला सगळं ऐकू येत होतं. डास चावला तर कळत होतं, नळी दुखत होती, मशीनचा आवाज कळत होता. फक्त डोळे उघडत नव्हते आणि अंग हलत नव्हतं. “कबरीत घातल्यावानी,” ती म्हणते, “आनि वर लोकं बोलत्यात.”

सापाच्या औषधाचा उपयोग होईना. मगदूम मॅडम आल्या. नसांची तपासणी केली, जुनं कार्ड काढलं, तारखा मोजल्या. शिरवळहून आलेल्या फारूकला आणि अर्फाला बोलावून म्हणाल्या, “माझ्या इंजेक्शनला दहा आठवडे झालेत आणि डोस अगदी कमी होता. त्यानं हे होत नाही. पण ज्या विषापासून ते बनतं त्याच विषासारखं हे दिसतंय. यांनी डब्यातलं काही खाल्लं? दुसरीकडं कुठं इंजेक्शन घेतलं?”

“न्हाई मॅडम,” अर्फा म्हणाली. फारूकला काहीच माहीत नव्हतं.

हे बोलणं चाचीच्या खाटेशीच झालं. तिनं शब्द न् शब्द ऐकला.

गुरुवारी साक्षी नावाच्या सिस्टरच्या लक्षात आलं की पेशंटला नावानं हाक मारली की उजव्या हाताची तर्जनी किंचित हलते. तिनं कानाशी येऊन सांगितलं, “मावशी, हो असेल तर बोट हलवा. नाही असेल तर राहू द्या.” बोट हललं. साक्षीनं धावत जाऊन मॅडमना आणलं.

“साप चावला?”

बोट हललं नाही.

“शिळं, डब्यातलं काही खाल्लं?”

नाही.

“दुसरीकडं कुठं इंजेक्शन घेतलंत?”

बोट हललं नाही.

मॅडमनी तोच प्रश्न दोनदा विचारला. चाचीला तो नीट कळला होता. बोटात ताकदही होती. “मी हलवलं न्हाई,” तिनं मला सांगितलं, “हो म्हटलं असतं तर पोलीस अर्फाला घेऊन गेले असते. मला वाटलं, मी मेले तर मेले. पोर कशाला तुरुंगात घालू?” शुक्रवारी, शनिवारीही विचारलं. तिनं बोट आखडून घेतलं.

भेटायच्या वेळेत अर्फा रोज यायची. रविवारी तिनं चाचीच्या कानाला तोंड लावलं आणि हळूच म्हणाली, “खाला, मण्यारच हुती. व्हय ना? मण्यारच असणार.” उत्तराची वाट बघत ती तशीच वाकून उभी राहिली. तिचा गरम श्वास कानावर येत होता. बोटाकडं तिनं पाहिलं नाही. मग निघून गेली.

तिला खरंच मण्यार वाटत होती की वाटून घ्यायचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच औषधाचे दोन थेंब तिनं स्वतःच्या कपाळालाही टोचले होते आणि तिला काही झालं नव्हतं. बहुतेक दुसऱ्या बाटलीतले असतील. कुठल्या बाटलीत किती विष आहे ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसावं.

मंगळवारी सकाळी अर्फा खाटेशेजारी उभी राहून फोनवर बोलली. “आज संध्याकाळी पोचते वहिनी. तुमचं एकटीचं आजच करून टाकू. बाकीच्या चौघींना उद्या धाला यायला सांगा. लग्नाला आठ दिवस हायत, तवर चेहरे चमकतील.”

त्या बाकीच्या चौघींत मी होते. सयाजीरावांच्या घराशी माझे जुने संबंध, लग्नात मिरवायचं होतं, आणि अर्फा म्हणाली, काकी, तुमच्या आठ्या मी घालवते. चाची मिरजेत मशीनवर पडलेली असताना मी पार्लरमध्ये जायला निघाले होते. मण्यार चावली म्हणून ती पडली आहे असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते.

चाचीनं तो फोन ऐकला. ‘चौघी’ ऐकलं, ‘उद्या’ ऐकलं. अर्फा निघून गेल्यावर तिनं बोट हलवायला सुरुवात केली. पण साक्षीची त्या दिवशी सुट्टी होती. नव्या सिस्टरला बोटाचं माहीत नव्हतं, तिनं हात चादरीखाली सारून ठेवला. चादरीखाली चाची दिवसभर, रात्रभर बोट हलवत राहिली. मधे बोट थकून थांबायचं, मग पुन्हा.

बुधवारी सकाळी आठला साक्षी ड्यूटीवर आली. चादर बदलताना तिला बोट दिसलं. मॅडम नऊला आल्या.

“इंजेक्शन घेतलंत?”

बोट हललं.

“कुणाकडं? डॉक्टर?” नाही. “पार्लर?” हो. “ओळखीचं?” हो.

मॅडमनी घरच्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. फारूक. अल्फिया. अर्फा म्हटल्यावर बोट हललं, आणि हलतच राहिलं. मॅडम म्हणाल्या, “कळलं मावशी, कळलं.” तरी थांबेना. साक्षीनं विचारलं, “अजून काही सांगायचंय? अजून कुणाला दिलंय? देणार आहे? आज?”

हो, हो, हो.

मी तेव्हा पार्लरच्या खुर्चीत मान मागं टेकून बसले होते. कपाळाला बधिर करायचं मलम लावलं होतं, ते वाळून ताणत होतं. माझा पहिला नंबर होता. अर्फानं बाटलीत सुई घातली होती. माझा फोन वाजला. अर्फा म्हणाली, “असू दे काकी, नंतर घ्या.” थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला. फारूक ओरडत होता, “काकी, अर्फाच्या हातातली सुई काढून घ्या! अम्मीला त्यानंच झालंय!”

मी अर्फाकडं पाहिलं. फोनमधला आवाज तिला ऐकू गेला होता. मी काही बोलायच्या आत तिनं सिरिंज आरशासमोर ठेवली आणि खाली फरशीवर बसली. मग एकच वाक्य बोलली. “शैलजा वहिनीला काल दिलंय.”

शैलजा म्हणजे सयाजीरावांची थोरली सून. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती अंगणात मांडवाचे बांबू उतरवून घेत होती, ठणठणीत. मला काय झालंय, म्हणाली. सासऱ्यांनी ऐकलं नाही, गाडीत घालून मिरजेला नेलं. गुरुवारपर्यंत काही नव्हतं. शुक्रवारी दुपारी तिला दोन डॉक्टर दिसायला लागले. त्या विषावरचा उतारा सहज मिळत नाही. मगदूम मॅडमनी मिळेल तिथं फोन लावले होते, तो शनिवारी आला. शैलजाला लवकर मिळाला म्हणून तिच्यावर मशीनची वेळ आली नाही. सतरा दिवसांनी घरी आली. लग्न तिच्याविना झालं. चाचीसाठी मात्र उशीर झाला होता. नसांना एकदा धरलेलं विष उताऱ्यानं सुटत नाही, नव्या वाटा फुटेपर्यंत थांबावं लागतं. ती एक्केचाळीस दिवस मशीनवर होती, गळ्याला भोक पाडून. चार महिन्यांनी काठी धरून बाजारपेठेत उतरली तेव्हा तिचं वजन निम्मं झालं होतं आणि आवाज फाटलेला होता. तो अजून तसाच आहे.

पोलीस आले, औषध प्रशासनाची माणसं आली, बाटल्या सील करून नेल्या. सरांचा नंबर बंद. हॉटेलातल्या नोंदीतलं नाव खोटं. तपासणीत कळलं की चाचीला दिलेल्या बाटलीत मगदूम मॅडम तीस-चाळीस पेशंटना पुरवतील एवढं विष होतं. अर्फाला अटक झाली, मग जामीन झाला. ती सांगलीला एका नातेवाइकाकडं राहते. चाचीनं जबाबात खरं ते सगळं सांगितलं, आणि शेवटी लिहून घ्या म्हणाली, की मी स्वतःहून खुर्चीत बसले होते.

उन्हाळ्याच्या शेवटी चाचीचे डोळे पुन्हा मिटायला लागले. तो जुना आजार कुठं गेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, अजून थांबू, अंगात ताकद येऊ दे. श्रावणात त्यांनी बोलावलं. मी बरोबर गेले. चाची खुर्चीत बसली. मॅडमनी खोकं फोडायच्या आधी तिच्या हातात दिलं. चाचीनं पापणी बोटानं उचलून धरली आणि नाव, तारीख, नंबर, एकेक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, “टोचा.”

मॅडमनी पहिल्या वेळेपेक्षाही कमी दिलं. आठवडाभर ती माझ्या दुकानात बसून होती, दर तासाला पाणी पिऊन बघायची, नाकातून येतंय का. आलं नाही. आठव्या दिवशी डोळे उघडले.

त्यानंतर महिन्याभरानं अर्फा आली. पार्लर बंद झाल्यापासून पहिल्यांदा. चाचीनं तिला चहा दिला. मी उठायला लागले तर चाचीनं मला हातानं बसवलं.

“खाला,” अर्फा म्हणाली, “पोलिसांना मी पाच बाटल्या सांगितल्या. पार्सलमधे सहा हुत्या.”

चाचीनं कप खाली ठेवला.

“एक मी क्लासमधल्या एकीला दिली. तिची संपली हुती म्हणून. कन्नड बोलायची, हद्दीपलीकडची हुती. आमी तिला अक्का म्हनायचो, नाव म्हाईत न्हाई. आता फोन लागत न्हाई.”

“कवा दिली?”

“तुला टोचलं त्याच्या आदल्या दिवशी. यष्टीनं पाठवली.”

चाची तशीच उठली. काठी घेतली, अर्फाचा दंड धरला आणि तिला पोलीस स्टेशनात घेऊन गेली. साहेबांनी लिहून घेतलं. त्यांनी पलीकडच्या ठाण्यांना कळवलं म्हणतात. पार्लर चालवणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, अक्का म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका त्या भागात शेकड्यांनी असतील.

याला आता तीन महिने झाले. विजापूरकडून येणारी गिऱ्हाइकं चाचीकडं पुष्कळ असतात. माप घेताना ती प्रत्येकीला कन्नडमध्ये विचारते, तुमच्या गावात कुणाच्या पापण्या पडल्या का, कुणाला गिळता येईना झालं का, कुणाला साप चावला असं म्हणून दवाखान्यात नेलं का. बायका न्हाई म्हणतात. गेल्या सोमवारी मात्र एक म्हणाली, “आमच्या शेजारच्या वाडीत एक बाई वारली, मागल्या साली दिवाळीनंतर. मण्यार चावली म्हणाले.”

चाचीनं टेप गुंडाळली आणि त्या वाडीचं नाव विचारलं.